गौरव करणाऱ्याचे देणे

आफ्रिकेतल्या एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला शाश्वत विकासाच्या कामासाठी आंतरराष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, की आपल्याकडची चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. पहिली वाट कौतुकाची. घरात वीज नाही, शाळेच्या फीला पैसे नाहीत, तरी या पोराने काय करून दाखवले बघा, असा तिचा सूर. आणि जाता जाता आपल्या मुलांना एक टोमणा. दुसरी वाट संशयाची. ज्यांनी हा खंड लुटला तेच आता शाल-श्रीफळ घेऊन उभे आहेत, चार हसरे चेहरे निवडून टाळ्या वाजवायच्या आणि बाकी सगळे होते तसेच ठेवायचे, असे तिचे म्हणणे. दोन्ही वाटांवरची माणसे डोळे रोखून पाहतात ती पुरस्कार घेणाऱ्याकडे. तो लायक आहे का? की वापरला जातो आहे? देणाऱ्याकडे मात्र कोणी फारसे वळून पाहत नाही, आणि त्यामुळे हा सगळा वाद कितीही रंगला तरी भलत्याच जागी रंगतो.

माझे म्हणणे आधीच मांडून ठेवतो. या तरुणांचा गौरव व्हायला हवा. जाहीरपणे, मोठ्या आवाजात, आणि आज होतो त्याहून कितीतरी अधिक. पण ज्या दिवशी आपण कुणाचा गौरव करतो त्या दिवसापासून त्याच्या कामाच्या परिणामांत आपलाही वाटा असतो. ते काम पुढे जगले की मेले, ते करणाऱ्याला पोलिसांनी उचलले तर आपण काय केले, त्याने ज्याच्याविरुद्ध आवाज उठवला त्याच्याशी आपले व्यवहार चालूच राहिले का, या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्याने द्यायची असतात. ती द्यायची तयारी नसेल तर संशयवाद्यांचे म्हणणे खरे ठरते. असेल, तर कौतुक करणाऱ्यांनाही कल्पना नाही इतके काम एका पुरस्काराने होऊ शकते.

हे मी पुस्तकी तत्त्व म्हणून सांगत नाही. केनियात १९७७ साली वांगारी माथाई यांनी ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली तेव्हा त्यांचे वय सदतीस होते. गावोगावच्या बायका सांगत होत्या की ओढे आटले, सरपणासाठी दूर जावे लागते, मुलांच्या ताटात पूर्वीसारखे अन्न नाही. माथाईंनी त्यांना देशी झाडांच्या बिया गोळा करून गावातच रोपवाटिका करायला सांगितले. वनखात्यातले लोक म्हणाले, झाडे लावायला शिकलेला माणूस लागतो. माथाई या बायकांना डिप्लोमा नसलेल्या वनपाल म्हणत. या चळवळीतली एक पद्धत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाईला काही सेंटांची किरकोळ रक्कम मिळे, ती रोप लावल्याबद्दल नव्हे तर लावलेले रोप जगल्याबद्दल. म्हणजे चळवळीला परत येऊन बघावे लागे. रोप उभे आहे का, कुणाच्या शेतात आहे, पाणी कोण घालते, हे सगळे पैसे देणाऱ्याला ठाऊक असावे लागे. आजच्या किती युवा पुरस्कारांना ही अट लावता येईल? सोहळा होतो, छायाचित्र येते, पुढच्या वर्षीचे अर्ज मागवले जातात. गेल्या वर्षीच्या विजेत्याच्या गावातला सौर पंप सुरू आहे की गंजला, हे पाहायला कोण जाते?

आता विरोधी बाजूचा पहिला भक्कम मुद्दा. पुरस्कार एकाला मिळतो, काम अनेकांचे असते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण नायजर देशातले आहे. मराडी आणि झिंदरच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकापासून शेतात जमिनीखाली जिवंत राहिलेल्या जुन्या खोडांना फुटणारे धुमारे तोडायचे सोडून राखायला सुरुवात केली. एकही रोप न लावता सुमारे ५० लाख हेक्टर जमिनीवर झाडे परत आली. जगातल्या मोठ्या हरित पुनरुज्जीवनांपैकी हे एक, आणि त्या शेतकऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. या कामासाठी २०१८चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार, ज्याला 'पर्यायी नोबेल' म्हणतात, मिळाला तो टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाला. त्यांची पात्रता वादातीत आहे. वर्षानुवर्षे ते त्या गावांत राहून राबले. पण हे काम पसरले त्याचे एक मोठे कारण कुठल्याच मानपत्रात मावत नाही. वसाहतीच्या काळापासून तिथे झाड सरकारच्या मालकीचे मानले जाई. शेतातले झाड राखून शेतकऱ्याला मिळणार काय? ते आपले आहे, त्याच्या फांद्या आपण विकू शकतो, अशी खात्री व्यवहारात आणि पुढे धोरणात येऊ लागली तशी झाडे वाढली. एका माणसाला मंचावर उभे केले की ही मालकीची गोष्ट पडद्याआड जाते. आणि ज्या देशांत ही मालकी अजून मिळालेली नाही, तिथल्या तरुणांना आपण सांगत राहतो की जिद्द हवी, कल्पकता हवी.

मग नावे घेणेच बंद करावे का? समूहाचा सन्मान करा, व्यक्तीचा नको, असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. निनावी माणसाला चिरडणे फार सोपे असते. १९८९ साली अध्यक्ष डॅनियल अराप मोई यांच्या राजवटीने नैरोबीच्या मध्यातल्या उहुरू पार्कमध्ये साठ मजली इमारत उठवायचे ठरवले. शहरातल्या गरिबाला रविवारी पाय मोकळे करायला जी जागा होती ती सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयासाठी जाणार होती. माथाईंनी विरोधाची पत्रे लिहिली तेव्हा संसदेत त्यांची टवाळी झाली, चळवळीला सरकारी जागेतले कार्यालय सोडावे लागले. पण पाच वर्षांपूर्वी, १९८४ मध्ये, त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळालेला होता. परदेशी पत्रकार त्यांना ओळखत होते, त्यांच्या पत्रांना उत्तरे येत होती. बाहेरून पैसा पुरवणारे मागे सरले आणि इमारत बारगळली. त्या जागी माथाई नावाच्या प्रसिद्ध बाईऐवजी रोपवाटिकेतली एखादी अनाम कार्यकर्ती असती तर? हेही खरे, की प्रसिद्धीने लाठी थांबत नाही. १९९२ मध्ये राजकीय कैद्यांच्या आयांबरोबर त्याच उद्यानात उपोषणाला बसल्या असताना पोलिसांनी माथाईंना बेशुद्ध पडेपर्यंत मारले. पण ती लाठी जगाने पाहिली, आणि मोईंच्या राजवटीला तिचा जाब द्यावा लागला.

इथे कुणी केन सारो-विवा यांचे नाव घेईल आणि माझे सगळे विवेचन एका वाक्यात मोडून काढेल. ते नाव घ्यायलाच हवे. नायजेरियात नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या ओगोनी लोकांच्या जमिनीतून शेल कंपनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून तेल काढत होती. जमीन आणि खाड्या तेलाने माखल्या, वायूच्या ज्वाळा रात्रंदिवस जळत राहिल्या, आणि ओगोनींच्या हाती काही आले नाही. १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या ओगोनी चळवळीचा सारो-विवा हा चेहरा होता. मे १९९४ मध्ये त्यांना अटक झाली. त्याच वर्षी राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये, ते कोठडीत असतानाच, गोल्डमन पर्यावरण पुरस्कारही मिळाला. आणि १० नोव्हेंबर १९९५ रोजी सानी अबाचाच्या लष्करी राजवटीने त्यांना आठ साथीदारांसह फाशी दिले. दोन दोन पुरस्कार गळ्यात असलेल्या माणसाला फाशी झाली, मग पुरस्काराचा उपयोग तरी काय?

या प्रश्नाला मी बगल देणार नाही. पण त्या नोव्हेंबरात कुणी काय केले ते नीट पाहा. पुरस्कार देणाऱ्या खासगी संस्थांच्या हाती जे होते ते त्यांनी केले. नाव जगभर नेले. राष्ट्रकुल परिषद त्याच वेळी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला भरली होती. फाशीनंतर दुसऱ्याच दिवशी नायजेरियाचे सदस्यत्व निलंबित झाले. राजदूत माघारी बोलावले गेले. पण ज्या एका गोष्टीने अबाचाला खरोखर घाम फुटला असता ती झाली नाही: तेलाची खरेदी थांबली नाही. सारो-विवांना आपण फार मोठा माणूस मानतो असे म्हणणारी सरकारे आणि त्यांच्या कंपन्या नायजेरियाचे तेल घेतच राहिल्या. तिथे पुरस्कार कमी पडला तो या कारणाने. ज्यांना किंमत मोजणे शक्य होते त्यांनी फक्त शब्द मोजले. यातून निघणारा धडा 'पुरस्कार देऊ नका' असा होत नाही. पुरस्काराच्या मागे आपले काही पणाला लावले नाही तर तो ज्याच्या गळ्यात पडतो त्याला एकटे पाडतो, असा होतो.

आणि पणाला न लावण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे कुणाचा गौरव करायचा ते आधीच निवडून घेणे. आज युवा पुरस्कारांच्या याद्या पाहिल्या तर एक कल स्पष्ट दिसतो. काहीतरी तयार करणारा तरुण चालतो. काहीतरी थांबवणारा चालत नाही. केनियाच्या न्झाम्बी मटी यांचे काम घ्या. त्या अभियंत्या, चांगली नोकरी सोडून त्यांनी प्लास्टिकचा कचरा आणि वाळू यांपासून पेव्हर ब्लॉक बनवण्याचे यंत्र आणि तंत्र स्वतः उभे केले. २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना तरुणांसाठीचा पुरस्कार दिला. तो अगदी योग्य होता, त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याच २०२० सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकन केमिस्ट्री कौन्सिल या तेल आणि रसायन कंपन्यांच्या संघटनेने आपल्या सरकारला लिहिले, की केनियाशी व्यापार करार करताना प्लास्टिकवर निर्बंध येणार नाहीत हे पाहा. केनिया हे पुढे आफ्रिकेभर अमेरिकी रसायने आणि प्लास्टिक पोहोचवण्याचे केंद्र होऊ शकेल, असे त्या पत्राचे म्हणणे. ज्या केनियाने २०१७ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर जगातल्या कडक बंदींपैकी एक घातली, त्याच केनियाला. एकीकडे एक तरुणी टनावारी प्लास्टिकच्या विटा पाडते, दुसरीकडे तिच्या दारात अधिक प्लास्टिक आणून ओतायची तयारी चालते. विटांचे कौतुक करताना या पत्राबद्दल गप्प बसणारा गौरव पुरा नाही. त्या तरुणीला आपण मदत करतो आहोत की तिच्याकडून आपला केर काढून घेतो आहोत?

सरकारेही हेच करतात. सप्टेंबर २०२३ मध्ये नैरोबीत आफ्रिकेची पहिली हवामान परिषद भरली. तिच्याआधी खास तरुणांची सभा झाली, अध्यक्ष विल्यम रुटो यांनी हरित विकासाची आणि तरुण पिढीची भाषा भरभरून वापरली. नऊ महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, त्याच वयाची मुले-मुली त्याच शहराच्या रस्त्यांवर वित्त विधेयकाविरुद्ध उतरली. त्या विधेयकात इको लेव्ही नावाचा, पर्यावरणाचे नाव लावलेला करही होता. २५ जूनला जमाव संसदेत घुसला, गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी रुटो यांनी विधेयक मागे घेतले. केनियाच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या मोजणीनुसार जुलैच्या आरंभापर्यंत ३९ माणसे मेली होती. ही मुले शाश्वत विकासाचे काम करत नव्हती काय? देशाचा पैसा कुठे जातो, कर्ज कुणी घेतले आणि फेडायचे कुणी, हे विचारण्याशिवाय कुठला विकास शाश्वत होतो? परिषदेत माइक हातात दिलेला तरुण परिवर्तनाचा दूत, आणि रस्त्यावर स्वतःचा आवाज घेऊन आलेला तरुण उपद्रवी, अशी वाटणी करणाऱ्याला तरुणांचा गौरव करण्याचा अधिकार उरत नाही.

समाजकार्य एका बाजूला आणि राजकारण दुसऱ्या बाजूला, ही वाटणी आफ्रिकेच्या इतिहासात कधी टिकलेलीच नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये किंग विल्यम्स टाउनजवळ झानेम्पिलो नावाचे आरोग्य केंद्र सुरू केले. बाळंतपणे, मुलांचे आजार, आसपासच्या खेड्यांत फिरते औषधोपचार, असे साधे काम. आजच्या कुठल्याही युवा पुरस्काराच्या अर्जात चपखल बसेल असे. वर्णद्वेषी सरकारला मात्र त्यातला अर्थ बरोबर कळला: ज्या लोकांना आपण अपात्र ठरवले ते स्वतःची व्यवस्था स्वतः उभी करत आहेत. सप्टेंबर १९७७ मध्ये पोलीस कोठडीतल्या मारहाणीने बिको गेले, वय तीस. पुढच्याच महिन्यात त्यांच्या चळवळीच्या संघटनांवर बंदी आली आणि ते आरोग्य केंद्र सरकारने ताब्यात घेतले. औषध देणे आणि हक्क मागणे या दोन गोष्टी बिकोंच्या मारेकऱ्यांनाही वेगळ्या वाटल्या नाहीत. आपल्याला का वाटाव्यात?

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा मात्र अजून आलेलाच नाही. तो असा: हरितगृह वायूंच्या जागतिक उत्सर्जनात आफ्रिकेचा वाटा चार टक्क्यांहून कमी आहे. सहाराच्या दक्षिणेला सुमारे ६० कोटी लोकांच्या घरी वीज नाही. युरोपने दोनशे वर्षे कोळसा जाळला, आता तोच युगांडाला सांगतो की तुमचे तेल जमिनीतच ठेवा. आणि मग 'शाश्वत विकास' या नावाने ज्या तरुणांचा गौरव होतो ते कळत-नकळत श्रीमंतांची सोय बघत असतात. युगांडाचे सरकार हे बोलते तेव्हा ते खोटे बोलत नाही. हा अन्याय खरा आहे, आणि जो त्याला उडवून लावतो त्याच्याशी हवामानावर बोलण्यात अर्थ नाही.

पण या युक्तिवादाने तरुणांचे तोंड बंद करता येते का? युगांडातल्या होइमा भागापासून टांझानियातल्या टांगा बंदरापर्यंत १,४४३ किलोमीटरची तेलवाहिनी फ्रेंच टोटलएनर्जीज आणि चिनी कंपनी सीनूक यांच्या भागीदारीत उभी राहते आहे. तेल इतके घट्ट की नळ गरम ठेवावा लागतो. ते तेल बंदरावर जाते ते जहाजात चढण्यासाठी. वाटेतल्या गावांत दिवा लावायला जात नाही. ज्यांची शेते घेतली त्यांना पीक लावू नका असे सांगितले गेले आणि भरपाई वर्षानुवर्षे लांबली, हे तिथले शेतकरी सांगतात. कंपालाचे विद्यार्थी या प्रश्नांसाठी रस्त्यावर येतात आणि तुरुंगात जातात. त्यांना युरोपची सोय बघायची असती तर फ्रेंच कंपनीच्या विरोधात उभे राहून त्यांनी काय मिळवले असते? घानाचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथे चिबेझ इझिकील आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या ७०० मेगावॉटच्या कोळसा प्रकल्पाविरुद्ध गावकऱ्यांना जागे केले आणि तो प्रकल्प रद्द झाला. घानात कोळशाच्या खाणी नाहीत. सगळा कोळसा बाहेरून विकत आणावा लागणार होता. वीज हवी हे खरे, पण दर महिन्याला दुसऱ्याकडून कोळसा विकत घेऊन मिळणारी वीज स्वावलंबन कशी? इझिकील यांना २०२० मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला. थांबवणाऱ्याचाही गौरव करता येतो, याचा हा पुरावा.

युगांडाच्याच व्हनेसा नाकाटे यांचा प्रसंग अनेकांना आठवत असेल. जानेवारी २०२० मध्ये दावोसला, जागतिक आर्थिक परिषदेच्या वेळी, पाच तरुण हवामान कार्यकर्त्यांचे छायाचित्र निघाले आणि असोसिएटेड प्रेसने ते कापून प्रसिद्ध केले. उरल्या त्या चार गोऱ्या मुली. नाकाटे म्हणाल्या, तुम्ही एक फोटो नाही, एक खंड पुसला. वृत्तसंस्थेने पुढे माफी मागितली. त्या प्रसंगावर जगभर चर्चा झाली ती दिसण्या-न दिसण्याची. नाकाटे दावोसला जे सांगायला गेल्या होत्या त्यावर किती बोलले गेले? त्या स्वतः युगांडातल्या शाळांत सौर पॅनेल आणि कमी सरपण लागणाऱ्या चुली बसवत होत्या, तेही लोकांना नंतर कळले. फोटोत घेतले की गौरव पुरा झाला, असे मानणाऱ्यांना तो फोटो कापणाऱ्यांपासून मी फार दूर ठेवणार नाही.

आता त्या कौतुकाच्या वाटेकडे येतो, कारण तिचेही काही चुकते. मलावीच्या विल्यम काम्क्वाम्बाची गोष्ट मराठीतही खूप फिरली. २००१-०२च्या दुष्काळात घरात दाणा नव्हता, फी भरता आली नाही म्हणून शाळा सुटली. मुलगा गावच्या छोट्या वाचनालयात चित्रे पाहून शिकला आणि सायकलचे भाग, ट्रॅक्टरचा पंखा, जुना शॉक ॲब्सॉर्बर जोडून त्याने पवनचक्की केली. घरात दिवे लागले. २००७ मध्ये टांझानियातल्या अरुशाला भरलेल्या 'टेड' व्याख्यानांच्या मंचावरून जगाने त्याला पाहिले. गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. मला ती दोन कारणांनी पुन्हा सांगावीशी वाटते. पहिले, त्याला शोधले कुणी? वाचनालय सांभाळणारी बाई, भेटीला आलेला मलावीचाच शिक्षण क्षेत्रातला अधिकारी, मलावीचे वृत्तपत्र, आणि मग एक नायजेरियन आयोजक. म्हणजे आफ्रिकेतल्या तरुणाला आधी आफ्रिकेनेच ओळखले. परदेशी पाहुणा येईपर्यंत तिथे कुणाला काही दिसत नाही, ही समजूत साफ खोटी आहे. आणि म्हणूनच निवड समित्यांवर तिथली माणसे हवीत, अर्ज चिचेवात, स्वाहिलीत, हौसात, वोलोफमध्ये करता यायला हवेत. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये प्रकल्प-प्रस्ताव लिहिता येणे हीच पात्रता झाली, तर पुरस्कार राजधानीतल्या मुलांपलीकडे जाणार नाहीत.

दुसरे कारण जास्त टोचणारे आहे. दुष्काळ पडला तेव्हा मलावीचा राखीव धान्यसाठा आधीच विकून टाकलेला होता. फी वर्षाला काही हजार रुपये भरेल एवढीच होती. या दोन गोष्टी नीट असत्या तर विल्यम शाळेत असता. त्याच्या वर्गातली बाकीची मुले कुठे गेली? ज्यांच्या हातून पवनचक्की झाली नाही, जी नुसती शाळा सोडून शेतात उपाशी राबली, त्यांचा दोष काय होता? अभावातून कसा प्रतिभेचा अंकुर फुटला, या वर्णनात अभावाला एक प्रकारचे श्रेय मिळून जाते. ते मिळता कामा नये. एका मुलाचा खरा सन्मान करायचा तर शाळेची फी माफ करून घेण्यासाठी भांडायला हवे, त्याची आणि त्याच्या गावातल्या बाकीच्या मुलांचीही.

'तरुण' या शब्दाबद्दलही आक्षेप घेतला जातो, आणि बुर्किना फासोचे याकुबा सावाडोगो यांचे नाव घेतले की तो पटतोसुद्धा. १९८०च्या सुमारास त्यांनी झाई नावाच्या जुन्या पद्धतीत सुधारणा केली: कडक झालेल्या जमिनीत पावसाआधीच खोल खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत टाकायचे, वाळवी येऊन माती भुसभुशीत करते, पाणी मुरते, ज्वारी-बाजरी उभी राहते, आणि त्यातूनच झाडेही. ओसाड जागी त्यांनी जंगल केले. गावकऱ्यांनी वेडा म्हटले, कुणी त्यांचे शेत जाळले. मोठा पुरस्कार मिळाला तो २०१८ मध्ये, सत्तरी उलटल्यावर. डिसेंबर २०२३ मध्ये ते गेले. अठरा ते तीस वयोगटाच्या पुरस्कारांत असा माणूस बसणार कुठे? शिवाय तिशी ओलांडली की तरुण कार्यकर्त्याला पुरस्कारांचे जग विसरते, त्याचे काम नेमके तेव्हा पिकू लागलेले असते. मान्य. तरीही तरुणांना वेगळे ओळखायला हवे असे मला वाटते, कारण आफ्रिकेचे मध्यक वय सुमारे एकोणीस आहे. कॅमेरूनमध्ये पॉल बिया १९८२ पासून अध्यक्ष आहेत, युगांडात मुसेवेनी १९८६ पासून. त्या देशांतल्या बहुसंख्य माणसांनी दुसरा अध्यक्षच पाहिलेला नाही. तिथे 'तरुण म्हणजे उद्याचे नागरिक' असे म्हणणे म्हणजे आजच्या बहुमताला उद्यावर ढकलणे. आणि सावाडोगो यांच्याबाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. वाढत्या वाहिगुया शहराचे भूखंड त्यांच्या जंगलात पडले; जे जंगल दाखवायला जगभरचे पाहुणे आणले जात, त्याची मालकी मात्र त्यांना मिळत नव्हती.

हे सगळे पाश्चात्त्यांचे पाप, आपण बाजूला उभे राहून बोट दाखवायचे, असे मानणाऱ्या मराठी वाचकाला थोडे थांबवावेसे वाटते. इथिओपियाच्या गाम्बेला भागात एक लाख हेक्टर जमीन स्वस्तात भाड्याने घेणारी करुतुरी ग्लोबल ही कंपनी बंगळुरूची होती. तिथल्या लोकांच्या जमिनीच्या प्रश्नात भारताचे नाव आले ते असे. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मॉलमध्ये गाठून मारले. पुण्यात शिकायला येणाऱ्या आफ्रिकन मुलांना भाड्याची खोली शोधताना काय ऐकावे लागते ते त्यांनाच विचारावे. ज्या वयाच्या मुलांच्या यशोगाथा आपण कौतुकाने पुढे पाठवतो, त्याच वयाची मुले आपल्या इमारतीत नको असतात. आणि गोव्याशी तर या विषयाचे रक्ताचे नाते आहे. नैरोबीत जन्मलेले गोवेकर वंशाचे पियो गामा पिंटो आधी गोव्याच्या मुक्तीसाठी आणि मग केनियाच्या स्वातंत्र्यासाठी झटले, ब्रिटिशांच्या कैदेत राहिले, आणि स्वतंत्र केनियात नव्या सत्ताधाऱ्यांनी जमिनी बळकावू नयेत म्हणून बोलत राहिले. फेब्रुवारी १९६५ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, घराच्या दारात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यामागचे खरे हात कधी उघड झाले नाहीत. आज त्यांना हुतात्मा म्हणायला कुणाचीच हरकत नसते. मेलेल्या माणसाच्या गौरवाला काही सोसावे लागत नाही.

पुरस्काराने नेमके किती होते याचा आपल्याही राज्याला अनुभव आहे. १९९१ मध्ये मेधा पाटकर, बाबा आमटे आणि नर्मदा बचाओ आंदोलनाला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. माथाईंना मिळाला तोच. पुढच्या वर्षी पाटकरांना गोल्डमन, सारो-विवांना मिळाला तोच. अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली तरीही सरदार सरोवर धरणात बुडाले. पण सातपुड्यातल्या एका आदिवासी गावाचे नाव जगाला ठाऊक झाले, आणि १९९३ मध्ये जागतिक बँक त्या प्रकल्पातून बाहेर पडली ती लोकांच्या लढ्याने आणि त्या लढ्याकडे लागलेल्या जगाच्या डोळ्यांनी. जिथे पैसा देणाऱ्यावर दबाव आला तिथे काही हलले, नाही तिथे पाणी चढत गेले. उहुरू पार्कचीही गोष्ट हीच होती.

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे. अशा अटी घातल्या तर पुरस्कार देणार कोण? कंपन्या हात आखडता घेतील, सरकारे नाराज होतील, आणि आज जे थोडेफार पैसे तरुणांपर्यंत पोहोचतात तेही थांबतील. संख्या घटेल हे मला मान्य आहे. घटू दे. मो इब्राहिम फाउंडेशनने २००७ मध्ये आफ्रिकेच्या माजी राष्ट्रप्रमुखांसाठी एक पारितोषिक सुरू केले: चांगला कारभार करून, मुदत संपताच सत्ता सोडणाऱ्याला दहा वर्षांत मिळून ५० लाख डॉलर. कसोटीला उतरणारा कुणी नाही म्हणून कितीतरी वर्षे ते कुणालाच दिले गेले नाही, आणि त्या रिकाम्या वर्षांनीच त्या पारितोषिकाचा दबदबा वाढवला. हाच कठोरपणा युवा पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी स्वतःला लावून पाहावा. एखाद्या वर्षी त्यांनी जाहीर करावे की यंदा नवा विजेता नाही. आमचा मागचा विजेता तुरुंगात आहे, यंदाची सगळी रक्कम त्याच्या वकिलांना आणि त्याच्या गावच्या कामाला जाईल, आणि ज्या कंपनीच्या तक्रारीवरून त्याला पकडले तिची देणगी आम्ही परत केली आहे.